चित्र आलं म्हणजे डिश लागली असं नाही

आजचा विषय छतावरचा आहे. वादळी वारा सुटला, माकडाने उडी मारली, पाण्याची टाकी साफ करताना कुणाचा तरी धक्का लागला, किंवा सगळ्यात नेहमीचं कारण, म्हणजे डिशच्या दांड्याला कुणीतरी कपडे वाळत घालायची दोरी बांधली. खाली टीव्हीवर 'सिग्नल नाही'. आणि घरातले सगळे तुमच्याकडे बघतात, कारण घरात 'मोबाईलमधलं कळणारे' तुम्हीच.

तर आज डिश पुन्हा जागेवर कशी आणायची ते बघू. पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण नव्वद टक्के घोळ तिथेच होतो.

मुंग्या गेल्या, कडेलोट आला

आपल्या आईबाबांना जुना ॲंटेना आठवत असेल. कुणीतरी वर ॲंटेना फिरवायचं आणि खालून ओरडा: 'आला... गेला... थोडा मागे!' चित्र हळूहळू सुधारायचं, मुंग्या हळूहळू कमी व्हायच्या. किती चुकलंय ते डोळ्यांना दिसायचं.

डिजिटल सिग्नलमध्ये तसं होत नाही. सिग्नल पुरेसा असेल तर चित्र एकदम स्वच्छ, आणि जरा कमी पडला की चौकोन चौकोन होऊन गायब. मधलं काही नाही. म्हणजे डिश अगदी बरोबर लागलेली असो, की कशीबशी काठावर लागलेली असो, उन्हात दोन्हींचं चित्र सारखंच दिसतं!

फरक कळतो पावसात. डिशकडे येणाऱ्या या लहरींची लांबी जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर असते, आणि पावसाचे थेंब त्या शोषतात, विखुरतात. बरोबर लागलेल्या डिशकडे तेवढा तोटा सोसायला शिल्लक असते. काठावरच्या डिशकडे नसते. म्हणून 'ढग आले की आमचा टीव्ही जातो' ही तक्रार पुष्कळदा पावसाची नसते, डिशची असते. मुसळधार पावसात चांगली डिशही थोडा वेळ हार मानते, ते वेगळं.

डिश बघते कुठे?

उदाहरण म्हणून डीडी फ्री डिश घेऊ. दरमहा पैसे नाहीत, त्यामुळे गावाकडे पुष्कळ घरांत तीच. तिच्या वाहिन्या येतात जीसॅट-१५ या इस्रोच्या उपग्रहावरून. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून तो एरियन-५ रॉकेटने सोडला. तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे आपल्याला तो आकाशात एका जागी थांबलेला वाटतो. म्हणून डिश एकदा लावली की हलवावी लागत नाही.

आपण त्याच्या पश्चिमेला आणि उत्तरेला, म्हणजे आपल्याला तो आग्नेयेला दिसणार. पुण्याहून दिशा साधारण १३२ अंश आणि क्षितिजापासून उंची ५९ अंश. नागपूरहून १४४ आणि ६०. पणजीहून १२७ च्या आसपास. बीडकरांसाठी तर सोपंच आहे, जवळजवळ बरोबर आग्नेय, १३५ अंश. तुमची सेवा दुसरी असेल तर उपग्रहही दुसरा आणि आकडेही वेगळे. उदाहरणार्थ, टाटा प्लेचा ८३ अंश पूर्वेला, डिश टीव्हीचा ९५ ला. फोनमध्ये उपग्रह दाखवणारं ॲप असतं, त्यात तुमचा उपग्रह निवडा.

आता गंमत बघा. साठ सेंटीमीटरच्या डिशची कड फक्त पाच मिलीमीटर पुढेमागे झाली, की नेम एका अंशाने हलतो. आणि तेवढ्या लांबवर एक अंश म्हणजे सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर! म्हणून कपड्यांच्या दोरीचा ताणही पुरतो.

वर जाण्याआधी

आधी खालचं तपासा. सेट टॉप बॉक्स बंद करा, मागची केबल काढून पुन्हा घट्ट बसवा. केबल कुठे उंदराने कुरतडलीय का, जोडात पाणी गेलंय का, ते बघा. केबल खराब असेल तर डिश फिरवून काहीच होणार नाही, उलट चांगली लागलेली डिश बिघडेल.

अजून एक. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबर संपता संपता, काही दिवस सकाळी अकराच्या आसपास सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. काही मिनिटं चित्र फाटतं आणि आपोआप परत येतं. तेव्हा डिशला हात लावू नका.

आणि सुरक्षेचं कळकळीने सांगते. ओला पत्रा, कौलं, सिमेंटचा जुना पत्रा यांवर चढायचं नाही. विजा चमकत असताना नाही. जवळून विजेच्या तारा जात असतील तर लोखंडी शिडी किंवा पाइप घेऊन नाही. फ्लॅटच्या भिंतीला बाहेरून लावलेली डिश असेल तर सरळ मेकॅनिकला बोलवा. एकट्याने तर अजिबात नाही. मालिका उद्या पुन्हा लागते.

आता डिश

पहिलं काम म्हणजे बघणं. खांब सरळ आहे का? फोनच्या लेव्हलने किंवा ओळंब्याने तपासा. खांबच कलला असेल तर आधी तो सरळ करा, नाहीतर डावी-उजवीकडे फिरवताना उंचीपण बदलत राहील. थाळी चेपलीय का, पुढचा दांडा वाकलाय का? तसं असेल तर ती बदलावीच लागेल. दांड्याच्या टोकाला जो डबीसारखा भाग असतो, तो एलएनबी. तो स्वतःभोवती फिरला असेल तर नेम बरोबर असूनही सिग्नल नीट येत नाही. जुन्या खुणेवर आणा.

मग क्लॅंपजवळ गंजाची किंवा रंगाची जुनी रेघ शोधा. नट आधी कुठे होता ते ती सांगते. वाऱ्याने डिश बहुतेक वेळा फक्त खांबाभोवती फिरते, म्हणून उंचीच्या नटाला उगाच हात लावू नका.

दिशा बघायला फोनचा कंपास वापरा, पण लोखंडी खांब आणि पत्र्यापासून तीन-चार पावलं दूर उभं राहून. लोखंडाजवळ कंपास फसतो. शेजाऱ्यांकडे त्याच सेवेची डिश असेल तर तिच्याकडे बघा, फुकटचा कंपास आहे तो.

आणि थाळीच्या तोंडावर जाऊ नका. आपल्याकडची घरगुती डिश दिसते त्याहून साधारण वीस-पंचवीस अंश वर बघत असते. म्हणून ५९ अंशांची थाळी त्याहून बरीच उभट दिसते. उंचीसाठी मागच्या पट्टीवरचे आकडे बघा.

आता खाली कुणालातरी टीव्हीसमोर बसवा. बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नलचा पर्याय असतो, तिथे दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. लक्ष क्वालिटीवर ठेवायचं. स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी शून्य, म्हणजे बहुधा शेजारचा उपग्रह सापडलाय. ९३.५ आणि ९५ मध्ये अंतर दीडच अंशाचं आहे, हे विसरू नका.

व्हिडीओ कॉल लावा, पण बॉक्सचा आकडा उशिरा बदलतो आणि कॉलही मागे असतो. म्हणून नट एवढाच सैल करा की डिश हाताने हलेल पण सोडली की तिथेच राहील. बोटभर हलवा, हात काढा, चार सेकंद थांबा, आकडा ऐका. बहुतेक जण इथेच घाई करतात आणि बरोबर जागेवरून पुढे निघून जातात.

चित्र आल्यावर

चित्र आलं की टाळ्या वाजतात आणि नट आवळले जातात. इथे थांबा! डिश उजवीकडे न्या, क्वालिटी पडायला लागली की खांबावर पेन्सिलीने खूण करा. मग डावीकडे न्या, तिकडेही तीच पातळी आली की दुसरी खूण. डिश आणा दोन्ही खुणांच्या मधोमध. उंचीचा नटही हलवावा लागला असेल तर तसंच, वर आणि खाली. ही दहा मिनिटं म्हणजे तुमचा पावसाळा.

नट आवळताना एकदम एक नको, आलटून पालटून थोडे थोडे, आणि आकडा ऐकत. आवळतानाच डिश सरकते.

शेवटी पक्क्या मार्करने खांबावर आणि क्लॅंपवर एक सलग रेघ मारा. तिचा फोटो काढा, आणि स्वच्छ दिवसातल्या क्वालिटीच्या आकड्याचाही. घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा. पुढच्या वेळी तुम्ही पुण्या-मुंबईत असाल, तर गावी असलेल्या कुणालाही फोनवर एवढंच सांगायचं: रेघेला रेघ जुळव.

आणि हो, कपड्यांची दोरी दुसरीकडे बांधा!

तुमच्या घरची डिश कशाने हलली ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, जपून चढा, जपून उतरा.