वाकण्याची धास्ती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘काही उपयोगाचे बोला,’ असे चिटणीसबाईंनी सांगितले, म्हणून मी माझ्या कंबरेविषयीच बोलणार आहे. मी काही डॉक्टर नव्हे. पण तीन वर्षांच्या दुखण्याचा अनुभव गाठीला आहे. कांद्याच्या काढणीला, खुरपणीला दिवस दिवस वाकणाऱ्या आपल्या राहुरी-श्रीरामपूरकडे हे दुखणे कोणाच्या घरी नाही?

पिठाचा डबा उचलताना माझ्या कंबरेत चमक भरली. चमक गेली, दुखणे राहिले. ‘वाकू नकोस,’ असे जो तो सांगे. पट्टा बांधला, शेक घेतला, तेल चोळले. वाकण्याची अशी धास्ती बसली की, नातू हात पसरून आला की मी मागे सरे. पुढे पुढे तो येईनासाच झाला. ते मात्र कंबरेपेक्षा जास्त दुखले.

माझी भाची फिजिओथेरपी शिकते. गेल्या दिवाळीत तिने मला खुर्चीवर बसवून डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवला. आत आभासी सृष्टी! समोरून रंगीत चेंडू येत, ते हाताने अडवायचे. हळूहळू ते खाली खाली येऊ लागले. खेळ संपल्यावर ती म्हणाली, “मावशी, किती वेळा वाकलीस, ठाऊक आहे?” मला खरेच वाटेना!

तिने कारण सांगितले. दुखणे जुने झाले की, इजा भरून आली तरी मेंदू धोक्याची घंटा वाजवीतच राहतो. आपण भिऊन अंग आखडतो, स्नायू दुबळे होतात, आणि दुखणे बळावते. चष्म्यातल्या खेळात मन गुंतते आणि शरीर धीट होते.

अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये जुन्या कंबरदुखीवरील अशा एका चष्म्याला परवानगी दिली. त्यात श्वासाचे व मन शांत करण्याचे ८ आठवड्यांचे धडे आहेत. १७९ जणांच्या चाचणीत, धडे घेणाऱ्यांपैकी ६६ टक्के लोकांची वेदना ३० टक्क्यांहून अधिक उतरली. पण नुसती सपाट दृश्ये पाहणाऱ्यांपैकीही ४१ टक्के लोकांची तेवढीच उतरली! तेव्हा चष्मा म्हणजे जादू नव्हे. कोणाला त्याने चक्करही येते.

चष्मा भाचीबरोबर परत गेला. तिने शिकवलेला व्यायाम माझ्याकडे राहिला. पाठीवर निजून गुडघे पोटाशी घेणे, खुर्चीवरून हातांच्या आधाराशिवाय उठणे, आणि रोजचे चालणे. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस केली, पट्ट्याची नव्हे.

मात्र पायातली शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप येणे किंवा पडल्यावर दुखणे सुरू होणे, यांपैकी काही असेल तर तडक डॉक्टर गाठा. एरवी व्यायाम जाणत्याकडूनच शिका. आपल्या जिल्ह्यात लोणीला आणि विळद घाटात फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत.

गेल्या महिन्यात मी नातवाला उचलले. दुखले का? थोडे दुखले. पण तो माझ्या गळ्यात हात टाकून बसला, आणि मी भ्यायले नाही.

भगिनींनो, घरातल्या सर्वांचे करताना स्वतःसाठी पंधरा मिनिटे काढायला आपण लाजतो. आपल्या मंडळात आठवड्यातून दोनदा सगळ्या मिळून व्यायाम करू या, अशी सूचना मांडून मी आपली रजा घेते.