बेटाचा हिशेब आणि आपला हिशेब

(शीव, मुंबई येथे मुक्कामाच्या रात्री कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचून दाखवावा.)



दिवसभराच्या प्रवासाने सगळे शिणलेले आहात. उद्या निवेदन द्यायचे आहे, तेव्हा फार वेळ घेणार नाही. पण निवेदनातल्या एका कलमावरून वाटेत गाडीत वाद झाला, तो इथेच मिटवून जाऊ. साठीनंतर प्रत्येक शेतकरी बाई-माणसाला पेन्शन, हे ते कलम. काहींचे म्हणणे पडले की ही भीक झाली. घामाचे दाम मागणारी आपली जमात, तिने हात कशाला पसरायचा? खरे सांगायचे तर काही वर्षांपूर्वी आम्हीही हेच बोलत होतो. मत का बदलले ते सांगतो. त्यासाठी जरा समुद्रापलीकडे जावे लागेल.

आधी या जागेबद्दल दोन शब्द. इंग्रजांनी सायन केले, मूळ नाव शीव. आपल्या गावाला जी शीव असते तीच ही. मुंबई बेटाची हद्द इथे संपायची, पुढे साष्टी. कापूसवाल्याला शीव या शब्दाचा वेगळा अनुभव आहे. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली आणि राज्याच्या शिवेबाहेर कापूस न्यायला बंदी झाली. पलीकडच्या राज्यात भाव जास्त असला तरी आपली गाडी नाक्यावर अडवणार. स्वतःच्या शेतातला माल, आणि चोर आपण!

जवळच सोमय्या मैदान आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून पायी निघालेले हजारो शेतकरी ११ तारखेला तिथे उतरले होते. दहावीची परीक्षा चालू होती, पोरांना त्रास नको म्हणून ते रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालू लागले. झेंडा आमचा नव्हता, पण पायांचे फोड आपलेच होते. १२ मार्चच्या पहाटे ही माणसे आझाद मैदानात पोचली, आणि नेमक्या त्याच दिवशी मॉरिशसच्या स्वातंत्र्याला ५० वर्षे पूर्ण झाली. त्या सोहळ्याला आपले राष्ट्रपती रामनाथ कोविंद प्रमुख पाहुणे होते. आम्हाला बोलायचे आहे ते या बेटाबद्दल.

हे बेट फारसे परके नाही. १८३४ नंतर साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर गिरमिटावर तिथे उसाच्या मळ्यांत नेले. मुंबई बंदरातूनही जहाजे गेली. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा भागातली आपली माणसे होती. त्यांची नातवंडे-पतवंडे आजही तिथे गणपती बसवतात आणि त्या दिवशी देशाला सुट्टी असते. शाळेत मराठी शिकायची सोय आहे. जमिनीचे नातेही आहे. भूगर्भवाले सांगतात की पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून आपल्या दख्खनचा काळा पाषाण सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वी वर आला, त्याच जागेतून पुढे मॉरिशसचा डोंगर उगवला. आपल्या पराटीखालची काळी माती आणि तिथल्या उसाच्या रानातले धोंडे एकाच चुलीवरचे. ते धोंडे मजुरांनी हातांनी वेचले. त्यांचे ढीग रानोमाळ अजून उभे आहेत.

बेट केवढे? १,८६५ चौरस किलोमीटर. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात अशी सात बेटे मावतील. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे या मुंबईच्या एक दशांश.

आम्ही तिथे गेलेलो नाही, पण त्यांच्यावर झालेला अभ्यास वाचला आहे. १९६० साली चक्रीवादळाने बेटाचा ऊस झोपवला. त्याच सुमारास इंग्रज सरकारने दोन अभ्यास करवून घेतले. अर्थव्यवस्थेचा प्राध्यापक जेम्स मीड यांनी केला, समाजकल्याणाचा रिचर्ड टिटमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. दोन्ही अहवाल १९६१ चे. मीड हे मोठे नाव, पुढे १९७७ साली त्यांना नोबेल मिळाले. त्यांचा निष्कर्ष असा की या बेटाचे काही खरे नाही. पीक एकच, निर्यातीच्या शंभर रुपयांत नव्वदाहून जास्त साखरेचे, लोकसंख्या दरसाल तीन टक्क्यांच्या आसपास वाढते, पुढे भांडणे आणि उपासमार.

तसे झाले नाही. का नाही, ते कोरडवाहूवाल्यांनी समजून घेण्यासारखे आहे. ऊसवाल्यांचे कौतुक तुमच्यापुढे करतो आहोत, रागावू नका.

पहिली गोष्ट भावाची. १९७५ च्या लोमे करारात युरोपने मॉरिशसकडून दरसाल सुमारे ५ लाख टन साखर घ्यायचे कबूल केले. भाव कोणता, तर युरोप आपल्या स्वतःच्या शेतकऱ्याला हमी देत होता त्याच्याशी जोडलेला. जगाच्या बाजारापेक्षा बहुतेक वर्षी पुष्कळ वरचा. साखरेच्या वाटणीचाही नियम होता. अनेक वर्षे उसातून निघालेल्या साखरेचे १०० भाग धरले तर ७८ ऊस पिकवणाऱ्याच्या खात्यावर आणि २२ कारखान्याचे. आता आपला कापूस घ्या. व्यापाऱ्याच्या काट्यावर कापूस पडला की पुढे रुई किती निघाली, सरकीला काय मिळाले, याच्याशी आपला संबंध तुटला. इथून जवळ माटुंग्याला १९२४ पासून कापसाच्या धाग्याची प्रयोगशाळा आहे. धाग्याची लांबी, जाडी, ताकद सगळे तिथे मोजता येते. आपल्याला मात्र ‘माल ओला आहे’ एवढेच ऐकायला मिळते.

दुसरी गोष्ट कराची. सरकारने साखरेच्या निर्यातीवर कर घेतला. लहान उत्पादकाला दर कमी, मोठ्या मळ्याला जास्त. १९९४ साली तो उठवला. म्हणजे शेतीतून पैसा त्यांनीही काढलाच. पण आधी भाव मिळू दिला आणि मग कर घेतला. आपल्याकडे भावच मिळू दिला नाही. निर्यातबंदी, राज्यबंदी आणि स्वस्त आयात लादून जी लूट झाली, तिचा आकडा कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. ५ मार्च २०१२ ला कापसाची निर्यात अशीच एका दिवसात बंद केली होती. १९ ऑगस्ट २०२५ ला, वेचणी तोंडावर असताना, आयातीवरचे ११ टक्के शुल्क काढले आणि ती सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. कागदावर २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलला ८,११० रुपये होता. आणि दार उघडून ठेवले परदेशी गाठींना.

तिसरी गोष्ट त्या पैशाच्या वापराची. वाद होता तो इथेच. त्या बेटावर म्हाताऱ्यांची पेन्शन १९५० साली सुरू झाली, तेव्हा ती फक्त गरिबांना होती. गरीब कोण हे ठरवायला अधिकारी लागले, दाखले लागले, वशिले लागले. १९५८ साली त्यांनी ही अट काढून टाकली. ठराविक वय झाले की पेन्शन, मळेवाल्याला आणि मळ्यातल्या मजुरालाही. १९७७ पासून माध्यमिक शाळा फुकट. सरकारी दवाखाना फुकट. २००४ साली एका सरकारने पेन्शनला पुन्हा उत्पन्नाची अट घातली. २००५ च्या निवडणुकीत ते सरकार पडले आणि अट गेली. २०२५ साली ही पेन्शन महिन्याला सुमारे १५ हजार मॉरिशस रुपये होती. तिथला एक रुपया आपल्या जवळपास दोन रुपयांच्या तोडीचा.

आपल्याकडे श्रावणबाळ योजना आहे. २०२३ साली तिची रक्कम १,००० वरून १,५०० झाली. त्यासाठी म्हातारीने उत्पन्नाचा दाखला आणायचा, सातबारा दाखवायचा. कोरडवाहू चार एकर नावावर असले की ती श्रीमंत ठरण्याची भीती, म्हणून तलाठ्यापुढे गयावया. जिथे गयावया करावी लागते तिथे भीक. वय झाले म्हणून जे सगळ्यांना मिळते, त्याला भीक कोण म्हणेल? आणि हा पैसा सरकारचा नाही. पन्नास वर्षे कमी भावात कापूस आणि ज्वारी घालून आपणच तो भरलेला आहे.

टिटमस यांच्या अहवालातला आणखी एक धडा आहे. बायकांना दवाखाना मिळाला, कुटुंबनियोजनाची साधने मिळाली, म्हातारपणाची काळजी कमी झाली. १९६० च्या सुमारास एका बाईमागे सहाच्या आसपास मुले होती, ती पंधरा-वीस वर्षांत तीनवर आली. जबरदस्ती नाही. त्याच काळात, आणीबाणीत, आपल्याकडे नसबंदीचे कोटे ठरवून माणसे पकडून नेत होते.

उद्योगाचेही ऐका. १९७३-७५ मध्ये साखरेला चढा भाव मिळाला, तो पैसा मळेवाल्यांनी कपड्यांच्या कारखान्यांत घातला. १९७० साली निर्यात उद्योगांसाठी कायदा झालाच होता. कापसाचे बोंडही मुश्किलीने दिसावे असे ते बेट, बाहेरून सूत आणून सदरे विकू लागले. १९९० च्या सुमारास ऐंशी-नव्वद हजार माणसांना, त्यांतही बायकांना जास्त, तिथे काम होते. आपल्याला सांगितले होते की गिरण्या जगायच्या तर कापूस स्वस्त पाहिजे. परळ-लालबागच्या गिरण्यांना स्वस्त कापूस मिळाला. जगल्या का? १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार रस्त्यावर आले, आणि गिरण्यांच्या जागेवर आता मनोरे आहेत.

पण बेटाची आरती ओवाळायला आम्ही उभे नाही. तिथली निम्म्याच्या वर जमीन मोठ्या मळ्यांची, भावाचा मोठा घास त्यांनीच खाल्ला. आणि तो भाव एका गिऱ्हाइकाच्या मर्जीवर होता. युरोपने २००६ पासून चार वर्षांत भाव ३६ टक्के उतरवला आणि २००९ मध्ये करार संपवला. पुढच्या वर्षांत निम्म्याहून जास्त लहान ऊसवाल्यांनी ऊस सोडला, रान पडीक पडले. कपड्यांच्या कोट्याचे संरक्षण १ जानेवारी २००५ ला संपले, तेव्हा कारखानेही गेले. खायच्या वस्तूंतला मोठा भाग ते बाहेरून आणतात. सगळीकडे ऊस लावला की असेच व्हायचे. मूळ रान दोन टक्केही उरले नाही. घरात ज्वारीचे कणगे भरलेले असणे ही काय चीज आहे, ते आम्हाला हे वाचून जास्त कळले. आपल्यातले जे ज्वारी मोडून नुसती पराटी लावतात त्यांनी याचा विचार करावा. कडब्याचाही करावा.

२५ जुलै २०२० ला ‘वाकाशिओ’ नावाचे जपानी मालकीचे जहाज तिथल्या प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये हजारेक टन तेल समुद्रात सांडले. सरकारची वाट न बघता लोकांनी उसाचे पाचट कापडात भरून लांबच लांब लोळ शिवले आणि तेल अडवायला पाण्यात सोडले. पाचट जाळणाऱ्यांनी ऐकावे.

जून २०२५ च्या अंदाजपत्रकात तिथल्या सरकारने पेन्शनचे वय टप्प्याटप्प्याने ६० वरून ६५ करायचे जाहीर केले. पैसा पुरत नाही म्हणतात. लोक रस्त्यावर आले. म्हणजे तिथेही लढाई चालूच आहे.

तर कलम राहील, पण जागा बदलून. पहिले कलम भावाचे: निर्यातबंदी नाही, हंगामात शुल्कमाफी नाही. दुसरे पेन्शनचे, आणि त्यात ‘गरीब’ हा शब्द नको, ‘पात्र’ हाही नको. खोडून टाका. कुणाला आक्षेप असेल तर आता बोला, उद्या दारात उभे राहून नको.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने कागदावर लिहून आणायचे: साठीच्या पुढची माणसे किती, त्यांतल्या किती जणांना महिन्याला काही मिळते, आणि २०२५ च्या हंगामात गावातला कापूस कोणत्या भावाने कुणाला गेला. अंदाज नको, पावती बघून लिहा. सकाळी सहाला निघायचे आहे. पाणी भरून घ्या, इथला नळ पहाटे थोडाच वेळ येतो.