हरळीची हिरवळ
(जयसिंगपूर येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसविलेले हे गाव. येथील सरळ, रुंद रस्ते पाहिले म्हणजे आखणीला किती महत्त्व आहे, ते निराळे सांगावे लागत नाही. तेव्हा शाळेपुढे, पंचायतीच्या कचेरीपुढे हिरवळ असावी, ही आपली इच्छा या गावाला शोभणारीच आहे. परंतु हिरवळीचे जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते, ते इंग्लंडातून आलेले आहे. तेथे ऊन सौम्य आणि पाऊस बाराही महिने. आपल्या जिल्ह्यात गगनबावड्याला धो धो पाऊस कोसळतो. शिरोळ तालुक्यात मात्र वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर, आणि तोही बहुतेक सगळा पावसाळ्यातच.

आता थोडा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी दिले, तर ते एक लिटर होते. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी द्यावयाचे ठरविले, तर एका गुंठ्याला रोज 500 लिटरांहून अधिक लागेल. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी 55 लिटरांचे प्रमाण धरलेले आहे. म्हणजे एक गुंठा हिरवळ नऊ माणसांचे पाणी पिते! एप्रिल-मे महिन्यांत ग्रामसभेत कोणी हा प्रश्न विचारला, तर सरपंचांपाशी उत्तर असले पाहिजे.

ते उत्तर आपल्या बांधावरच आहे. ते म्हणजे हरळी. माझा हा सल्ला ऐकून समोरचे काही शेतकरी हसत आहेत, आणि ते साहजिक आहे. ज्या हरळीपायी त्यांच्या वाडवडिलांनी कुदळी झिजविल्या, तीच आता सरकारी आवारात मुद्दाम लावा म्हणून मी सांगतो आहे. पण ज्या गुणांमुळे ती उसाच्या फडात वैरीण ठरते, तेच गुण येथे उपयोगी आहेत. तिची खोडे जमिनीवरून आणि जमिनीखालूनही पसरतात, पेऱ्यापेऱ्याला मुळे फुटतात. ती तुडवली तरी मरत नाही. पाणी तुटले की पिवळी पडते आणि पहिल्या वळवाबरोबर पुन्हा फुटते. रोपवाटिकांत मिळणारे मखमली गवत दिसायला देखणे असते, हे खरे. पण मुलांच्या खेळाखाली आणि उन्हाळ्याच्या टंचाईत टिकण्याच्या बाबतीत हरळीची बरोबरी ते करीत नाही. एक मात्र ध्यानात ठेवावे की हरळीला ऊन हवे. वडा-पिंपळाखाली तिचा हट्ट धरू नये. तेथे पार बांधावा.

या तालुक्यात आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे. काळ्या जमिनीला वारेमाप पाणी दिल्यामुळे काय घडले, ते येथे कोणाला सांगावयास नको. पाण्याची पातळी वर येते, पाणी उन्हाने उडून जाते आणि क्षार तेवढे मागे राहतात. अशा क्षारपड जमिनींत सच्छिद्र नळ पुरून त्या सुधारण्याचे काम शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने पुढाकार घेऊन केले. शेतात जे घडले, ते रोजच्या पाण्याने कचेरीच्या आवारातही घडू शकते. हरळी बऱ्यापैकी खारेपणा सोसते. तथापि पाणी तुंबवून ठेवण्यास तो परवाना नव्हे. म्हणून आधी उतार काढावा, शंभर फुटांस एक फूट पुरे. गवताचा विचार त्यानंतर. जमीन चोपण वाटल्यास माती तपासून घ्यावी आणि अहवालात सांगितले असेल तेवढेच जिप्सम घालावे.

लागवडीची तयारी मे महिन्यात करावी. जमीन फूटभर खणून उन्हात तापू द्यावी. वळवाचा पाऊस पडला की लव्हाळा डोके वर काढील. तो जमिनीतील गाठींसकट उपटावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण येथे केलेला आळस पुढे वर्षानुवर्षे भोवतो. मग चांगले कुजलेले शेणखत मिसळून जमीन सपाट करावी. मृग-आर्द्रात हरळीचे दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे सहा-सहा इंचांवर टोचावेत. गवत दोन-अडीच इंच झाले म्हणजे पहिली कापणी. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. ओल्या काळ्या जमिनीवर रूळ मुळीच फिरवू नये, ती दगडासारखी घट्ट होते.

गवत एकदा मुरले की रोज शिंपडण्याची सवय सोडावी. वरवरच्या पाण्याने मुळे वरच राहतात. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा, सकाळी, गुंठ्याला सुमारे तीन हजार लिटर द्यावे. रोजच्या हिशेबाने तर पाच हजार लागले असते. टंचाईच्या वर्षी तेही बंद करून गवत खुशाल पिवळे पडू द्यावे. कोणी अधिकारी भेटीस येणार म्हणून टँकर मागविण्याचे कारण नाही.

पुराविषयीही दोन शब्द सांगतो. 2005, 2019 आणि 2021 साली कृष्णा-पंचगंगेचे पाणी या तालुक्यात कसे पसरले, ते आपण पाहिले आहे. हरळी काही दिवस पाण्याखाली तग धरते. पूर ओसरल्यावर गाळाचा पातळ थर राहिला असेल तर तो तसाच असू द्यावा, त्यातून गवत वर येते. थर जाड असेल तर मात्र ओला असतानाच खोऱ्याने ओढून काढावा. वाळला म्हणजे त्याला भेगा पडतात आणि खालचे गवत गुदमरते.

कापलेले गवत जाळू नये, खतखड्ड्यात टाकावे. आणि शिक्षकांना एक विनंती आहे. आवाराचा एक कोपरा श्रावणापासून न कापता राखावा. गणेशचतुर्थीच्या सकाळी गावातील मुले तेथे दूर्वा खुडायला येतील.