बाईंची सदाफुली



मला पाच मिनिटं दिली आहेत. शाळेत एवढा वेळ मी फक्त बाकावर उभा राहायचो, त्यामुळे बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या.

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून सदाफुलीची रांग होती, आठवते? जीवशास्त्राच्या बाईंनी तिथेच आपल्याला फुलाचे भाग शिकवले. बाई, तुम्ही फळ्यावर लिहिलेलं 'विन्का रोझिया' हे नाव मी विसरलो नाही.

त्याच भिंतीपलीकडच्या टपरीवर आम्ही चौघांनी पहिली सिगारेट ओढली. बाईंना ही बातमी पन्नास वर्षं उशिरा मिळते आहे. बाकीच्या तिघांनी सोडली, मी चाळीस वर्षं ओढली. धूर फुफ्फुसात जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यातली विषारी द्रव्यं रक्तातून मूत्रपिंडात, तिथून लघवीत उतरतात आणि मूत्राशयात साठून राहतात. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण तंबाखूच आहे. तीही वनस्पतीच!

सहा वर्षांपूर्वी माझ्या लघवीतून रक्त गेलं. दुखलं नाही, दोन दिवसांत थांबलं, म्हणून घरी बोललो नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. एका परिचितांनी सांगितलं, "सदाफुलीची पानं चावून खा, कॅन्सरवर उतारा आहे." जोडीला हळदीचा काढा. पिंपरीच्या एका औषध कारखान्यात तीस वर्षं मी गोळीत औषध किती आहे हेच तपासत होतो, आणि घरी रोज पाच पानं मोजून खात होतो! खरं सांगतो, डॉक्टर काय म्हणतील याची भीती होती. पानं खाल्ली की काहीतरी केल्यासारखं वाटायचं. असे तीन महिने गेले. शेवटी मुलीनं ओढत नेलं. दुर्बिणीतून तपासणी झाली. कॅन्सर मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोचला होता.

केमोथेरपीत चार औषधं होती. सवयीनं नावं विचारली. त्यात एक होतं व्हिनब्लास्टिन, तेही सदाफुलीतलंच! कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी ते 1958 च्या सुमारास वेगळं केलं. ते सदाफुलीचा मधुमेहावर गुण येतो का, हे पाहत होते. साखर उतरली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. वाढणाऱ्या पेशींचं विभाजन हे द्रव्य रोखतं. पण एक ग्रॅम मिळवायला सुमारे 500 किलो वाळलेली पानं लागतात. मग माझ्या पाच पानांत काय असणार? दवाखान्यात तेच औषध शरीराच्या मापानं ठरवून, दर वेळी रक्त तपासून, शिरेतून दिलं गेलं.

हळदीचंही तसंच. तिच्यातलं कर्क्युमिन प्रयोगशाळेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मारतं, पण पोटातून रक्तात फारच थोडं पोचतं.

नुसतं शुद्ध करूनही भागत नाही. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी अमेरिकेत 1966 मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन शोधलं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही ते असतं. रुग्णांना देऊन पाहिलं तेव्हा काहींच्या मूत्राशयातूनच रक्तस्राव होऊ लागला आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्याच्या रचनेत बदल करून इतर कॅन्सरवरची औषधं तयार झाली. वनस्पतीत गुण असतो, पण त्याचं औषध व्हायला वर्षं जातात. रुग्णाकडे तेवढी वर्षं नसतात.

माझं मूत्राशय काढावं लागलं. पोटावर लघवीची पिशवी असते, म्हणून मागच्या मेळाव्याला मी आलो नाही. लाज वाटत होती. आज आलो, कारण आपण सगळे पासष्टी ओलांडलेले आहोत. लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, दुखो न दुखो, त्याच आठवड्यात तपासून घ्या. मैत्रिणींनो, तुम्ही तर अंगावर काढूच नका. आणि जो अजून ओढतो, त्यानं आज घरी जाताना पाकीट इथेच टाकावं.

माझ्या गॅलरीत आजही सदाफुली आहे, बाई. रोज पाणी घालतो. पानं मात्र झाडावरच राहू देतो.