छत्तीस नंबरचा दात

(२०२४ च्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, अनुभवकथनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



मागच्या आठवड्यात आपल्या सेक्रेटरींचा फोन आला. म्हणाले, रेल्वेतल्या एखाद्या अनुभवावर दहा मिनिटं बोला. मी म्हटलं, रेल्वेवर बोलायचं तर माझे साहेबच पहिल्या रांगेत बसलेले असतात, त्यांच्यासमोर मी ट्रॅकवर काय बोलणार! मी दातावर बोलतो. ते हसले. एकदंताच्या मांडवात विनोदी भाषण होईल असं त्यांना वाटलं असावं. बाप्पाने आपला दात मोडून त्याची लेखणी केली असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. माझा दात फुटाणे खाताना मोडला आणि त्यातून आमच्या घरी एक छोटं महाभारत झालं, एवढंच काय ते साम्य.

आधी दाताची ओळख करून देतो. आपल्या पुलांना नंबर असतात तसे डॉक्टरांकडे दातांनाही असतात. तोंडाचे चार भाग. खालचा डावा भाग तिसरा. समोरच्या मधल्या रेषेपासून मागे मोजत गेलं की सहावी येते ती पहिली मोठी दाढ. म्हणून हिचा नंबर ३६. ही दाढ सहाव्या-सातव्या वर्षीच येते. तिच्या जागी आधी दुधाचा दात नसतो, ती सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते. त्यामुळे आईवडिलांना ती दुधाचीच वाटते, आणि किडली तरी 'पडणारच आहे' म्हणून सोडून देतात. इथे लहान मुलांचे आईबाप बसले आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर एकदा बॅटरी लावून बघावं. ती आयुष्यभराची दाढ असते आणि चावण्याचा मोठा भार तिच्यावर असतो.

माझी छत्तीस नंबर किडली, दुखली, आणि २०१७ मध्ये मी रूट कॅनाल सुरू केलं. दोन सिटिंग झाल्या, दुखणं थांबलं. दुखणं थांबलं की आपला माणूस डॉक्टरकडे जातो का? मग पावसाळा आला, माझी ड्यूटी घाटात लागली, वर कॅप बसवायची होती ती राहूनच गेली. तात्पुरतं सिमेंट भरलेली ती दाढ मी वर्षभर वापरली. जुलै २०१८ मध्ये खोंगसरा ते भनवारटंक पायी तपासणी करताना, भर पावसात, खिशातले फुटाणे तोंडात टाकले आणि कट्‌ असा आवाज आला. आधी वाटलं खडा आला. दाढ उभी चिरली होती, थेट मुळापर्यंत. डॉक्टरांनी काढून टाकली. यात कोणाही डॉक्टरची चूक नाही, सगळी माझी आहे.

पुढची चार वर्षं मी ती जागा तशीच ठेवली. हे सांगताना खरंच लाज वाटते. आमच्या कीमॅनला रुळाची एक क्लिप ढिली दिसली तर तो तिथल्या तिथे ठोकून बसवतो, उद्यावर टाकत नाही. टाकली तर मीच त्याला फैलावर घेतो. आणि स्वतःच्या तोंडात एवढी मोठी जागा रिकामी! दोन वर्षं 'वेळ नाही' म्हणून गेली, २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, आणि नंतर सवय झाली. उजव्या बाजूने चावायचं. भाकरी दुधात कुस्करायची. सावजी मटण असलं तर रस्साच जास्त घ्यायचा. मधल्या काळात वरची दाढ खाली उतरू लागली, कारण तिला खालून टेकू नव्हता, आणि मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलली. मला काही कळलं नाही, यातलं काहीच दुखत नाही.

दिवाळी २०२२ ला आई अमरावतीहून आली. आईला वर-खाली पूर्ण कवळी आहे. पाहुणे आले की कवळी तोंडात, जेवायला बसली की डबीत. मी विचारलं, अगं, ती जेवण्यासाठीच केली ना? ती म्हणाली, "खालची हलते रे. जबडाच राहिला नाही तिला धरायला." दात गेला की त्याखालचं हाड हळूहळू झिजतं, हे मला डॉक्टरांनी पुढे समजावून सांगितलं. आईने ते एका वाक्यात आधीच सांगितलं होतं. तिने केलेल्या चकल्या ती आम्हाला वाढत होती आणि स्वतः चहात बुडवून चोखत होती. दुसऱ्याच दिवशी मी अपॉइंटमेंट घेतली.

आता खरी गोष्ट सुरू होते. त्या डॉक्टरबाईंनी दाढेच्या जागेकडे आधी पाहिलंच नाही. म्हणाल्या, "तोंड पूर्ण उघडा आणि तुमची तीन बोटं उभी आत घाला." माझी दोन गेली, तिसरं अर्धं. त्यांनी आरसा घेऊन डावा गाल बघितला आणि विचारलं, "किती वर्षं?"

इथले बरेच जण मला ओळखतात, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. डिप्लोमाला असताना खर्रा सुरू झाला. नोकरीत आल्यावर सुपारी-तंबाखू-चुना. गँगबरोबर दुपारी झाडाखाली बसलं की डबी फिरतेच, आणि साहेबाने हात पुढे केला की माणसं खूश होतात, असंही मला वाटायचं. पुडी डाव्या गालात ठेवायची सवय. त्याच जागी एक पांढरा चट्टा होता, आणि गालाची कातडी आखडायला लागली होती. तोंड पूर्ण उघडत नव्हतं ते त्यामुळे. हा आजार मुख्यतः सुपारीने होतो. नुसती सुपारी निरुपद्रवी असते असं मी तोपर्यंत समजत होतो.

गालाचा तुकडा तपासणीला पाठवला. रिपोर्ट यायला आठ दिवस. चौथ्या दिवशी मी सौ.ला सांगितलं. ती काही बोलली नाही, उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू होता. मुलगी तेव्हा दहावीत. आठव्या दिवशी रिपोर्ट आला: कॅन्सर नाही, पेशींमध्ये तसा बदलही नाही. डॉक्टर म्हणाल्या, "आज नाही, एवढंच यात लिहिलंय. सोडा, मग दाताचं बोलू."

मग दाताचं बोलणं झालं. तीन मार्ग होते. काढघाल करायचा एक दात, स्वस्त आणि बिनकापाचा. पण आईची डबी डोळ्यांसमोर होती. दुसरा ब्रिज: शेजारचे दोन्ही दात घासून बारीक करायचे आणि तीन कॅपचा एक जोड वर बसवायचा. तिसरा इम्प्लांट, म्हणजे हाडातच टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात. खर्च ब्रिजला १५ हजार, इम्प्लांटला ३५ हजार. मी आधी ब्रिज म्हटलं, वीस हजारांचा फरक होता. मग घरी येऊन विचार केला. माझी पस्तीस नंबर पूर्ण निरोगी, सदतीस नंबर नुसती कललेली. दोन चांगल्या दातांचं कवच कापून टाकायचं, आणि मग त्या दोघांनी तिसऱ्याचा भार आयुष्यभर वाहायचा. त्यातला एक किडला की तिघेही गेले. शिवाय खालचं हाड झिजत राहणार ते राहणारच. ट्रॅकवर मी अशी डिझाइन पास केली नसती. पण आमच्याच ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या शेजारच्या दोन्ही दातांवर आधीपासूनच कॅप होत्या. त्यांनी ब्रिज केला आणि अगदी बरोबर केलं. ज्याचं तोंड त्याचा हिशेब.

पैशांचा हिशेब सौ.ने केला. रोजचे वीस रुपये तंबाखू-सुपारीचे. वर्षाचे ७,३००. पाच वर्षांचे ३६,५००. कागद माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "इम्प्लांट करून दीड हजार उरतात."

लगेच मात्र झालं नाही. तंबाखू बंद पाहिजे, आणि साखर ताब्यात पाहिजे. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी, ८.४ निघाली. जास्त साखरेत जखम नीट भरत नाही आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. ती ७.१ वर यायला जवळपास वर्ष गेलं. तंबाखू एकदा सुटली, दोन महिन्यांत एका मेगाब्लॉकच्या रात्री परत सुरू झाली, मग पुन्हा सोडली. या वेळी मी गँगमध्ये जाहीरच करून टाकलं, म्हणजे डबी माझ्यापुढे यायची थांबली.

हे स्क्रूचं शास्त्र निघालं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाने १९५२ मध्ये सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवली होती. त्यातून त्यांना हाडातलं रक्ताभिसरण बघायचं होतं. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर निघेना, हाड तिला घट्ट चिकटलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले, आणि ते त्या गृहस्थांनी चाळीस वर्षं वापरले.

माझा स्क्रू नोव्हेंबर २०२३ मध्ये बसला. आधी त्रिमितीय स्कॅन केला, कारण खालच्या जबड्यातून ओठाची नस जाते आणि ती दुखावली तर ओठ बधिर होतो. नसेच्या वर हाड १३ मिलिमीटर, स्क्रू १० चा. रुंदी मात्र साडेसहाच उरली होती. आणखी उशीर केला असता तर हाड भरायचं वेगळं ऑपरेशन लागलं असतं. चार वर्षांच्या आळसाची मोजपट्टीवरची किंमत मला तिथे दिसली. भूल दिल्यामुळे दुखलं नाही. ड्रिलचा आवाज ऐकून स्लीपरला भोक पाडतात त्याची आठवण झाली, तेवढी वाईट झाली.

त्यावर लगेच दात नाही. खडी चाळून नव्याने भरली की पहिली गाडी आपण ताशी २० ने सोडतो, ट्रॅक बसत जातो तसा वेग वाढवतो. इथे हाड स्क्रूला धरेपर्यंत मला चार महिने कॉशन होतं. मार्च २०२४ मध्ये कॅप बसली. डॉक्टरांनी छोटा टॉर्क रेंच काढला तेव्हा मी न राहवून विचारलं, किती? "३५ न्यूटन-सेंटीमीटर." आमच्या पान्याच्या मानाने हे अगदीच खेळणं, पण तत्त्व तेच! एक फरक त्यांनी मुद्दाम सांगितला. खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, रुळाखालच्या रबर पॅडसारखा, तो धक्का झेलतो आणि भार जास्त झाला की कळवतो. इम्प्लांटला तो नसतो. म्हणून अक्रोड फोडायचा नाही, सुपारीचं तर नावच नको, आणि हिरडीची सफाई रोज, कारण हा दात किडत नसला तरी हिरडी सुजून त्याचं हाड जाऊ शकतं.

गालावरचा चट्टा फिका झाला आहे. तोंड मात्र अडीच बोटंच उघडतं. ते आता एवढंच राहील, असं डॉक्टर म्हणाल्या. दर सहा महिन्यांनी गाल दाखवायला जातो.

मागच्या महिन्यात दुपारी जेवताना मी गँगमध्ये हे बोटांचं सगळ्यांना करायला लावलं. आधी हसण्यावारी गेलं. आमचा एक कीमॅन आहे, माझ्यापेक्षा वयाने लहान, दिवसाला आठ-आठ किलोमीटर हातोडा घेऊन चालतो. त्याची दोनच बोटं गेली. तो हसला, परत करून बघितलं, तरी दोनच. डबी खिशात ठेवून तो गप्प बसला. परवा मी त्याला आपल्या रेल्वे हॉस्पिटलात दाखवायला घेऊन जाणार आहे. त्या दिवशी माझ्या सेक्शनला कोणी ब्लॉक मागू नये, अशी समोर बसलेल्या साहेबांना इथूनच विनंती करतो.

गणपती बाप्पा मोरया.