राजमाचीच्या मुक्कामाची तयारी

(गटाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



डिसेंबरात राजमाचीला जायचं आणि एक रात्र तंबूत काढायची, असं आपण ठरवतो आहोत. वाट माझ्या पायाखालची आहे, म्हणून मला बोलायला सांगितलं. बूट कुठले, पाठपिशवी केवढी, हे विचारायला बऱ्याचजणी उत्सुक आहेत. त्याकडे येतेच. पण आधी फॉर्मचं बोलू.

सहलीच्या फॉर्मवर खाली ‘पालक किंवा पती यांची सही’ असा रकाना अनेक ठिकाणी असतो. आपल्या फॉर्मवर तो नको, असं माझं स्पष्ट मत आहे. पन्नाशीची बाई, पोरं वाढवलेली, मोर्चात पोलिसांपुढे उभी राहिलेली, आणि डोंगरावर झोपायला तिला नवऱ्याची सही? फॉर्मवर तिची स्वतःची सही हवी. कुठला आजार, कुठल्या गोळ्या, कशाची ॲलर्जी, हे तिनं खरं लिहायला हवं. आणि वेळ आली तर कुणाला कळवायचं, ते नाव तिनं निवडावं. बहीण असो, शेजारीण असो, नवरा असो.

पण घरी काहीच न सांगता यायचं का? माझं म्हणणं, शक्यतो खरं सांगावं. डोंगरात जाणाऱ्या माणसाचा ठावठिकाणा खाली कुणाला तरी माहीत असलाच पाहिजे, हा सुरक्षिततेचा नियम आहे. ज्यांना घरी सांगणं खरोखरच धोक्याचं आहे, अशाही आपल्यात आहेत, हे आपण सगळ्या जाणतो. त्यासाठी आपल्यातली एक जण शहरातच थांबेल. तिच्याकडे सगळ्यांची नावं, वाट आणि परतायची वेळ राहील. रविवारी रात्री आठपर्यंत निरोप आला नाही तर काय करायचं, तेही तिच्याकडे लिहून ठेवायचं.

आता जागा. राजमाची लोणावळा आणि कर्जत यांच्या मधे आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले आणि त्यांच्या पायथ्याशी उधेवाडी हे गाव. कर्जतच्या बाजूनं, कोंदिवड्याहून, वाट जवळची पण चढण अंगावर येणारी. लोणावळ्याहून तुंगार्लीवरून अंतर सुमारे १५ किलोमीटर, पण रस्ता रुंद आणि चढउतार सौम्य. आपण लोणावळ्याकडून जायचं. कारण साधं आहे, पावसाळा सोडला तर या रस्त्यानं गावापर्यंत जीप जाते. एखादीचा पाय मुरगळला तर तिला उचलून डोंगर उतरावा लागणार नाही. पहिल्या मुक्कामाला जागा निवडताना देखावा नंतर बघावा, बाहेर पडायची वाट आधी.

वेळेचा हिशेब १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं घालून दिला. तासाला ३ मैल, आणि दर २००० फूट चढाईला आणखी एक तास. हा हिशेब सराव असलेल्या, धडधाकट माणसाचा. आपण तासाला ३ किलोमीटर धरू. म्हणजे चालण्याचे पाच तास, शिवाय जेवण आणि विसाव्याचे दोन. लोणावळ्याहून सकाळी आठला निघालो तर दुपारी तीनला गावात. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. तंबू त्याआधी उभे राहिले पाहिजेत, कारण पहिल्यांदा तंबू लावताना अंधार असला की भांडणं होतात.

सगळ्यात हळू चालणारी बाई पुढं, वाट दाखवणारीच्या लगेच मागं. आपण उलट करतो. ती मागं राहते, पुढच्या तिची वाट बघत बसतात, आणि ती धापा टाकत पोचली की ‘चला’ म्हणून उठतात. म्हणजे दमलेलीला विसावा नाहीच! वाट माहीत असलेली दुसरी एक जण शेवटाला. तिच्या मागं कुणीही राहायचं नाही.

आता पाणी आणि लघवी. या दोन गोष्टी मी मुद्दाम एकत्र घेते. प्रवासाला निघायचं म्हणजे आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचं, ही आपल्या सगळ्यांची जुनी सवय. मुंबईत ‘राइट टू पी’ अभियान उभं राहिलं ते याच दुखण्यातून. पण डोंगरात कमी पाणी पिणं म्हणजे डोकेदुखी, पेटके, चक्कर. प्रत्येकीकडे ३ लिटर पाणी हवं आणि ते संपवायचं. दर तासाला थांबायचं, दोघीदोघींनी आडोशाला जायचं, कुणी मागावं लागू नये. विसर्जनासाठी पाण्यापासून दोनशे फूट दूर, वीतभर खोल खड्डा, नंतर माती. एक खुरपं बरोबर घ्यायचं. पाळी आली म्हणून कुणी नाव मागं घेऊ नका. कापड, पॅड, कप, जे सवयीचं असेल ते आणा. वापरलेले पॅड कागदात, मग पिशवीत, आणि परत घरी. तिथं पुरायचे नाहीत, जाळायचे नाहीत.

बूट नवे नकोत. किमान तीन आठवडे पायात असलेले, खाली खाचा असलेले. पाठपिशवी पाण्यासकट सात-आठ किलोच्या वर नको. अंगभर कपडे, रात्रीसाठी स्वेटर आणि कानटोपी, कारण डिसेंबरात तिथं चांगलंच गारठतं. बॅटरी प्रत्येकीची वेगळी. सकाळी बूट झटकून मगच पाय घालायचा. साप चावलाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही. तो अवयव हलू द्यायचा नाही आणि जीपनं थेट रुग्णालय गाठायचं. जीपवाल्याशी आधीच बोलून ठेवायचं ते यासाठीही.

तंबू पहिल्या वेळी गावातल्या अंगणात, तळ्याकाठी एकटे नकोत. काहीजणींना हे मिळमिळीत वाटेल. वाटू दे. रात्री जेवल्यावर अर्धा तास सगळ्या बॅटऱ्या बंद करून, न बोलता, बाहेर बसायचं एवढा एकच कार्यक्रम मी सुचवते. गाणी नंतर. अंधारात नुसतं बसणं, कुणाची वाट न बघता, घाईनं घर न गाठता, आपल्यापैकी किती जणींनी केलंय?

रात्रीच्या जेवणाबद्दल मात्र मी अजून वाद घालायला तयार आहे. गावातल्या घरी पिठलं-भाकरी मिळते, आणि चुलीपासून सुटका हवी म्हणून आपण ती मागणार. म्हणजे बारा बायकांची सुटी, आणि एका बाईची तीस-चाळीस भाकऱ्यांची रात्र. माझा आग्रह असा: दर आधी तिच्याशी ठरवायचा, पैसे तिच्याच हातात द्यायचे, मुक्कामाच्या दिवशी वाढायला आणि भांडी घासायला आपल्यातल्या चौघींनी जायचं. दुसऱ्या दिवशीची शिदोरी आपापली.

खर्चाची वर्गणी सारखी नको. घरकाम करणाऱ्या मैत्रिणींचा शनिवारचा खाडा होणार, तो खाडाही खर्चात धरू. तंबू भाड्यानं आणू, तीन जणींत एक.

सरावासाठी येते तीन रविवार सकाळी साडेसहाला टेकडीच्या पायथ्याशी भेटायचं. पिशवीत पाच किलो गव्हाची थैली टाकून या. फॉर्म आज वाटते आहे, पुढच्या बैठकीला भरून आणा.