गडबहून मुळशीस : सायकलीची एक वाट

सायकलीवरून भटकंती करणाऱ्या मंडळींच्या तोंडीं मुळशीच्या तलावाचें नांव नेहमीं असतें. पुण्याहून पहाटे निघावें, पौड मागें टाकावें आणि उन्हें चढण्यापूर्वीं तलावाच्या कांठीं चहा घ्यावा, हा क्रम पुष्कळांच्या अंगवळणीं पडलेला आहे. ती वाट सुंदर आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्या वाटेनें जाणाऱ्यास तलाव एकदम समोर येऊन भेटतो. त्याचें पाणी पुढें कोठें जातें, हें त्यास कळत नाहीं. आज मी आपणांस त्याच तलावाची दुसरी वाट सांगणार आहें. ती खालून वर जाते, आणि तिचा आरंभ पेण तालुक्यांतील गडब या गांवीं होतो.

गडब हें मुंबई-गोवा महामार्गावरील गांव. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास अंबा नदीच्या खाडीचा खारेपाट. भरतीचें खारें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बांध घालीत आलेल्या लोकांचा हा मुलूख. येथें पाणी पुष्कळ दिसतें. पण पेणच्या याच खारेपाटांतील कित्येक गांवांना उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागत आली आहे. एवढी गोष्ट मनांत ठेवून पायडलावर पाय ठेवावा. पुढें तिचा अर्थ उलगडेल.

महामार्गाचें रुंदीकरण २०११ सालीं सुरू झालें आणि दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळलें. अवजड वाहनांची रीघ तर नेहमींचीच. म्हणून नागोठण्यापर्यंतचा टप्पा उजाडतां उजाडतां उरकावा. नागोठण्यास अंबेवर सोळाव्या शतकांत बांधलेला दगडी पूल आहे. तो पाहण्यासाठीं अवश्य उतरावें. तेथून महामार्ग सोडून भिसे खिंडीची वाट धरावी. खिंडीचा चढ फार मोठा नाहीं, पण पुढें काय वाढून ठेवलें आहे याची चुणूक तो पायांना देतो. खिंड उतरली कीं रोहें, आणि रोह्यास कुंडलिका.

कोंकणांतल्या नद्यांचा स्वभाव आपणांस ठाऊक आहे. पावसाळ्यांत त्या तट फोडूं पाहतात आणि होळीच्या सुमारास त्यांच्या पात्रांत नुसते दगड उरतात. कुंडलिका मात्र भर उन्हाळ्यांतहि वाहते. रोह्याहून कोलाडकडे जातांना ही नवलाई डोळ्यांत भरते. कोलाडजवळ हवा भरलेल्या होड्यांतून नदीच्या उसळत्या पाण्यावर स्वार होण्यासाठीं दूरदूरचे लोक येतात. पण होड्या निघतात त्या पाणी येण्याची वेळ पाहून. डोळवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले आहेत आणि त्यांवर उन्हाळी भात पिकतो. हें पाणी येतें कोठून? कोलाडास रात्रीं मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशीं या प्रश्नाचा माग काढीत पूर्वेस निघावें.

सुतारवाडीवरून विळ्याकडे जातांना भिऱ्याचा फांटा लागतो. सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेल्या या भिऱ्यास १९२७ सालीं टाटा कंपनीचें वीजघर सुरू झालें. डोंगराच्या अंगावरून प्रचंड नळ खालीं उतरले आहेत. वरचें पाणी बोगद्यांतून या नळांत येतें, सुमारें ५०० मीटर खालीं कोसळतें, वीजघरांतील चाकें फिरवितें आणि मग कुंडलिकेस मिळतें. वीज मुंबईस जाते, पाणी रोह्यास येतें.

आतां विळ्याहून ताम्हिणीचा घाट. येथें घाई उपयोगाची नाहीं. पहिल्या वळणापासूनच हलका गिअर घ्यावा, उभें राहून पायडल मारण्याची हौस आवरावी आणि श्वास मोजीत चढावें. मोटारींतून जाणारा हा घाट अर्ध्या तासांत विसरून जातो. सायकलस्वाराच्या मांड्या मात्र त्याची प्रत्येक हातभर उंची मोजतात; आणि जी उंची आपण घाम गाळून चढत असतों, तीच उंची शेजारच्या डोंगरांत पाणी क्षणार्धांत उतरत असतें. वीज म्हणजे काय, हें मला शाळेंत कळलें नव्हतें, तें या चढावर कळलें.

माथ्यावर आलें कीं दाट झाडी, गार वारा, आणि निव्याच्या पुढें झाडांमधून चमकणारें पाणी. दूरवर शिरलेले तलावाचे फांटे, त्यांत उतरलेल्या डोंगरांच्या सावल्या आणि कांठाकांठानें वळणारा रस्ता, असें हें दृश्य आहे. चढ संपल्यावर तें दिसतें, म्हणून अधिकच गोड वाटतें.

एका वळणावर मी ताक विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांजवळ बसलों होतों. तलाव किती खोल आहे, असें मीं सहज विचारलें. बाबांनीं आंकडा सांगितला नाहीं. पाण्याकडे बोट करून ते एकामागून एक गांवांचीं नांवें घेऊं लागले.

मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ हें धरण बांधलें गेलें. मुळेचें पाणी मूळचें पूर्ववाहिनी. भीमेंतून कृष्णेस मिळून तें बंगालच्या उपसागरास जावयाचें. धरणानें तें अडवून पश्चिमेस वळविलें. त्या पाण्याखालीं मावळ्यांचीं भातखाचरें आणि घरेंदारें गेलीं. १९२१ च्या एप्रिलांत त्यांनीं सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी झाले, कारावासांत गेले, आणि सेनापति ही पदवी त्यांना याच लढ्यानें दिली. १९२४ पर्यंत लढा चालला. धरण मात्र थांबलें नाहीं.

श्रोतेहो, तलावाकडे पाहूं नका, असें मी म्हणत नाहीं. धरण नसतें तर बरें झालें असतें, असा निवाडा देण्याचा अधिकारहि माझा नाहीं. त्या विजेच्या उजेडांत मुंबई वाढली आणि त्या पाण्यावर कुंडलिकेकांठचें भात पिकलें. पण गडबच्या बाजूस पाण्यावांचून तळमळणारीं गांवें आणि मुळशीच्या बाजूस पाण्यानें गिळलेलीं गांवें, हीं दोन टोंकें ज्या वाटेवर एकाच प्रवासांत भेटतात, ती वाट एकदां तरी आपल्या पायांनीं चालवून पाहावी. सृष्टिसौंदर्य फुकट मिळतें, हा आपला समज त्या वाटेवर गळून पडतो.

जातांजातां चार व्यवहाराच्या गोष्टी. भर पावसांत घाटांत जाऊं नये; दरडी कोसळतात आणि सुटीच्या दिवशीं धबधब्यांपाशीं वाहनांची दाटी होते. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचा काळ उत्तम. दोन जादा ट्यूबा, पंप आणि भरपूर पाणी बरोबर असावें. याच घाटानें परतणार असाल तर दोन्ही ब्रेक सारखे तपासून घ्यावे आणि उतारावर ते दाबून न धरतां थोडे थोडे लावावे. कांठीं बसून खाल्लेल्याचा कागद परत खिशांत घालावा. आणि ताकवाले बाबा भेटले, तर तलावाची खोली अवश्य विचारावी. मात्र उत्तर संपेपर्यंत उठूं नये.